तेवीस लॉज, एकच भाव

प्रश्नावलीच्या प्रत्येक पानावर कॉलेजचा गोल शिक्का मारून घ्यायची कल्पना माझीच. दुसऱ्या कोणी सुचवली असती तर पुढं शिव्या द्यायला एखादा माणूस तरी हाताशी राहिला असता.

मी वाशीमला एका कॉलेजात वाणिज्य शिकवतो. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे ज्या वयात लोक रक्तातली साखर तपासायला जातात, त्या वयात मी पीएच.डी. करायला घेतली. विषय होता आपल्या जिल्ह्यातल्या लॉजमधल्या खोल्यांचे भाव कसे ठरतात. स्टाफरूममध्ये विषय सांगितला तेव्हा हसू लपवायला लोकांनी रिकामे कप तोंडाला लावले. त्यांचंही खरं होतं. आमच्या जिल्ह्यात मुक्कामाला येतं कोण? रिसोडचा माणूस वाशीमला सकाळच्या एसटीनं येतो, काम होवो न होवो, संध्याकाळच्या एसटीनं परत जातो. गाडी चुकलीच तर ज्याचा साडू, मावशी किंवा शाळासोबती गावात नाही असा माणूस इकडं अजून जन्मायचा आहे. तरीही लॉज आहेत. सहा तालुके पालथे घालून मी तेवीस मोजले. खत-बियाण्यांच्या कंपन्यांची माणसं, सोयाबीनच्या दिवसांत येणारे बाहेरचे व्यापारी, कारंज्याला दर्शनाला आलेली कुटुंबं, पोहरादेवीच्या यात्रेत जागा न मिळालेले भाविक, लग्नात रुसलेले नवरदेवाचे काका, असे सगळे तिथं उतरतात.

पुस्तकांत लिहिलं होतं की गर्दी वाढली की खोलीचा भाव चढतो आणि ओसरली की उतरतो. मोठ्या शहरांत तर म्हणे सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा. आपल्याकडं काय होतं ते पाहावं, एवढीच माझी हौस.

पहिल्या दिवशी मंगरूळपीरला गेलो. साधे कागद पाहून कोणी विमा एजंट समजून हाकलू नये म्हणून ऑफिसातल्या क्लार्ककडून शिक्के मारून घेतले होते. गळ्यात ओळखपत्र, काखेत निळी फाईल, खिशाला दोन पेन. कॉलेजची पांढरी जीप मोकळी होती, ती त्या दिवशी आणि पुढंही मागून घेतली. तिच्या पुढच्या काचेला निवडणुकीच्या कामापासून 'ऑन ड्युटी' अशी पाटी चिकटलेली होती. ती काढावी असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही आलं नाही.

तिथल्या पहिल्या लॉजचा मॅनेजर मला पाहून उभा राहिला आणि बसा म्हटलं तरी बसेना. खोलीचा भाव विचारला. आठशे, म्हणाला. सोयाबीनच्या दिवसांत? आठशे. लग्नाच्या तिथीला? आठशेच. पावसाळ्यात, सगळ्या खोल्या रिकाम्या पडलेल्या असताना? तेव्हाही आठशे. मी त्याच्याकडून प्रत्येक पानावर सही घेतली. सही करताना त्यानं पेन दोनदा पाडलं.

पुढच्या आठवड्यात रिसोडला गेलो, तिथं आठशे. मालेगावला आठशे, कारंज्याला आठशे, मानोऱ्याला आठशे, आणि शेवटी आमच्या वाशीमलाही आठशे. तेवीस लॉजांत एका रुपयाचा फरक नाही. आणि पाहुणचार काय वर्णावा. रिसोडला चहासोबत काजूची प्लेट आली. कारंज्याला मालक मला जीपपर्यंत सोडायला आला आणि दार त्यानंच उघडलं. मानोऱ्याच्या लॉजवर एक म्हातारे गृहस्थ गल्ल्यावर बसले होते. त्यांनी चहा स्वतः आणला आणि अर्धा बशीत सांडला, एवढे त्यांचे हात थरथरत होते. मी डायरीत टिपून ठेवलं : 'मालक वयस्कर. कंपवात असावा.'

घरी आल्यावर बायकोला म्हणालो, आपल्या लोकांइतकं अगत्य जगात कुठं नसेल. ती मानोऱ्याकडची, शेतकऱ्याची लेक. तिनं एवढंच विचारलं की तिकडची माणसं अनोळखी माणसाला काजू कधीपासून देऊ लागली. मी हसलो. संशोधकाला घरच्या माणसाचं ऐकायची सवय नसते.

त्या आठशेवर माझा पाचवा अध्याय उभा राहिला. गर्दी असो नसो, आमच्याकडचा भाव हलत नाही, कारण आमच्याकडं पाहुणा हा गिऱ्हाईक नसतोच, असा माझा सिद्धान्त. आलेख काढला तर सरळ आडवी रेघ. माझे गाईड अमरावतीचे, कडक माणूस, सहसा कोणाला शाबासकी देत नाहीत. त्यांनी ती रेघ पाहिली, चष्मा काढला आणि म्हणाले, हे नवीन आहे. त्या एका वाक्यावर मी वर्षभर तरंगलो. प्रबंध विद्यापीठाकडं गेला. परीक्षकांचे अहवाल आले. पुण्याच्या बाईंनी, ज्या व्हायवाला बाहेरच्या परीक्षक म्हणून येणार होत्या, पाचवा अध्याय विशेष उल्लेखनीय असल्याचं लिहिलं होतं. आमच्या कॉलेजला संशोधन केंद्र आहे, त्यामुळं व्हायवा इथंच ठरला. मे महिन्यातली तारीख मिळाली. गल्लीतले लोक आधीच मला डॉक्टर म्हणू लागले. केटररला चाळीस माणसांचं श्रीखंड-पुरीचं सांगून झालं.

उरली होती त्या पुण्याच्या मॅडमच्या मुक्कामाची सोय. सरकारी विश्रामगृह कोणा मंत्र्याच्या दौऱ्यासाठी अडकलेलं होतं. बायको म्हणाली, वरची खोली रिकामी आहे, आपल्याकडंच उतरवा. मी तिला समजावलं की परीक्षकानं उमेदवाराच्या घरी जेवणं-झोपणं बरं दिसत नाही. तेव्हा लॉज. आणि लॉजच्या बाबतीत जिल्ह्यात माझ्याहून जाणता कोण? मी बसस्टँडजवळचा एक निवडला.

मे महिन्यात आमच्याकडं दुपारी बाहेर पडलेला माणूस ओळखू येत नाही. डोकं, कान, नाक पांढऱ्या दुपट्ट्यानं बांधलेलं, वर काळा चष्मा. सासरा जावयाला ओळखत नाही अशी परिस्थिती. तसाच मी काउंटरसमोर उभा राहिलो. मॅनेजर तोच होता, तीन वर्षांपूर्वी माझ्या फॉर्मवर सह्या करणारा. मी एसी खोली विचारली. तो मोबाईलमधून वर न पाहता म्हणाला, लग्नाची तिथी आहे, दोन हजार पडतील.

मला गंमत वाटली. म्हटलं, भाऊ, तुमचा भाव तर आठशे आहे ना.

आता त्यानं वर पाहिलं. "आठशे? कोनं सांगतलं तुमाले? आठशे तं सायबाचा भाव होय."

त्याच्या मागं भिंतीवर चांगला हातभर लांब बोर्ड होता. साधी खोली, एसी खोली, पावसाळ्याचा भाव, सोयाबीनच्या हंगामाचा भाव, लग्नतिथीचा भाव, आणि खाली बारीक अक्षरांत, ओळखीच्या माणसाला मालकाच्या मर्जीनं सूट. प्रबंधात मी छातीठोकपणे लिहिलं होतं की जिल्ह्यातल्या एकाही लॉजमध्ये दरपत्रक लावलेलं आढळत नाही. मला एकदम आठवलं, त्या वेळी त्या जागी एका कृषी सेवा केंद्राचं भलंमोठं कॅलेंडर होतं. आणि मालेगावला होतं. आणि रिसोडला.

मी स्टूल ओढून बसलो आणि कोणता साहेब, असं विचारलं. मॅनेजरला सांगायला उत्साह आला. तीन वर्षांपूर्वी वरून एक इन्स्पेक्टर आला होता म्हणे. टॅक्सचा की आणखी कशाचा ते कोणाला कळलं नाही, पण शिक्क्याचे कागद होते आणि 'ऑन ड्युटी'ची गाडी होती. आधी मंगरूळपीरला धाड पडली. तिथं बोर्ड नव्हताच, आणि मॅनेजरच्या तोंडून घाबरून जो आकडा निघाला तो आठशे. साहेब गेल्यागेल्या त्यानं लॉजवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. मॅनेजरनं तो मेसेज अजून जपून ठेवला होता. बोटानं वर सरकवत सरकवत त्यानं तो शोधला आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.

'चष्मेवाला. टक्कल. निळी फाईल. समद्याइनं आठशेच सांगा, वेगळं सांगू नका. बोर्ड झाका. चहा पाजा.'

ते टक्कल दुपट्ट्याच्या आत घामानं निथळत होतं. मी विचारलं की मग पुढं त्या साहेबानं काय केलं.

"तेच तं समजून नाई राह्यलं ना," तो म्हणाला. "तीन वर्सं झाली, काईच कागद नाई आला. म्हून तं जास्त भेव वाटते. मानोऱ्याच्या बुढ्यानं तं घाबरून दोन महिने लॉजच बंद ठेवला."

माझ्या प्रबंधात तेही होतं. तिसऱ्या तक्त्याखाली तळटीप : 'मानोरा येथील एक लॉज हंगामी बंद.'

दुपट्टा सोडावा आणि सांगून टाकावं की बाबा, तो मीच, मी मास्तर आहे, कोणाचं काही वाकडं करू शकत नाही, असं वाटलं. हात गाठीपर्यंत गेलाही. मग डोळ्यांसमोर पाचवा अध्याय आला, गाईडनी काढलेला चष्मा आला, पुण्याच्या मॅडम आल्या. त्या इथं उतरणार. दोन हजाराची पावती घेणार. हा बोर्ड वाचणार. आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांना सरळ रेघ दाखवणार. सात वर्षांचं काम, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे खोटा आकडा छापणारा मास्तर म्हणून उरलेल्या नोकरीभर मागून ऐकू येणारी कुजबुज. मी घाबरलो. आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच केलं, आणखी एक मूर्खपणा. मॅनेजरला म्हणालो, पुण्याहून एक मॅडम येणार आहेत, त्यांनी विचारलं तर आठशेच सांगायचं, वरचे बाराशे मी आत्ता देतो.

त्याचा चेहरा बदलला. पैसे त्यानं हातात घेतले नाहीत. काहून, कोण आहे त्या, असं त्यानं हळूच विचारलं. मी पाहुण्या आहेत एवढंच म्हणालो, पैसे काउंटरवर ठेवले आणि पळत सुटलो म्हटलं तरी चालेल.

घरी बायको गच्चीवर कुरडया घालत होती. तिथं त्या भट्टीसारख्या उन्हात उभा राहून मी सगळं सांगितलं. तिचा साचा थांबला नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं की यात कठीण काय आहे, बाईंना खरं काय ते सांगून मोकळं व्हावं. मी म्हणालो, तुला काय कळतं, डिग्री जाईल. ती म्हणाली, "तुमाले डिग्रीचं पडलं. तिकडं बुढ्यानं दोन महिने दुकान नाई उघडलं."

मी ऊन फार आहे असं म्हणून खाली आलो.

नंतरचे चार दिवस मी जेवलो असं म्हणता येणार नाही. पोळीचा तुकडा मोडायचा आणि पुन्हा ताटात ठेवायचा. चौकात ओळखीच्या हवालदारानं नुसता हात वर केला तर मी गाडी बाजूला घेऊन थांबलो, आणि तो पुढं निघून गेल्यावरही थांबूनच राहिलो. शेजारच्या काकांनी "काय डॉक्टर" म्हटलं की मला घाम फुटायचा. बीपी मोजून आलो तर कंपाउंडरनं आकडा सांगायच्या आधी मला खुर्ची दिली. आणि या सगळ्यात एक विचार पुन्हा पुन्हा यायचा, की मला हे चार दिवस सोसवेनात, आणि ती तेवीस माणसं तीन वर्षं अशीच बसली आहेत. पण विचार आला म्हणून धीर आला असं नाही. उलट भीती दुप्पट झाली, आधी फक्त माझ्या डिग्रीची होती, आता त्या माणसांचीही.

व्हायवाच्या आदल्या संध्याकाळी मॅडम अकोल्याहून गाडीनं आल्या. साठीच्या जवळ आलेल्या, सुती साडी, पाठीला सॅक, बोलणं अगदी हळू. उन्हं कलली होती, त्यामुळं दुपट्टा बांधायचं निमित्त नव्हतं. मी चष्मा लावून, निळी फाईल काखेत धरून, बोडक्या डोक्यानं त्यांच्यासोबत लॉजमध्ये शिरलो.

मॅनेजर खुर्चीतून उठला. त्याच्या मागं बोर्ड नव्हता, कृषी सेवा केंद्राचं कॅलेंडर होतं. त्यानं माझ्या डोक्याकडं पाहिलं, मग फाईलकडं, मग मॅडमकडं. जुना इन्स्पेक्टर मोठ्या बाईंना घेऊन आला, हे त्याच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट उमटलं की मलासुद्धा वाचता आलं. मी त्याला घाबरून उभा, तो मला घाबरून उभा, आणि मधे मॅडम विचारत होत्या की किल्ली कोणाकडं मिळेल. खोलीत नवीकोरी चादर घातलेली होती. टेबलावर काजू होते.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता हॉल भरला. सहकारी, विद्यार्थी, माझे गाईड पहिल्या रांगेत, शेवटच्या रांगेत बायको. मी चाळीस मिनिटं बोललो. काय बोललो ते मला आठवत नाही. पडद्यावर सरळ रेघ आली तेव्हा काही जणांनी मान डोलावली एवढं आठवतं. पेला उचलला तर पाणी हिंदकळून शर्टावर आलं, मग तो दोन्ही हातांनी धरावा लागला.

मॅडमनी बाकी प्रश्न सोपे विचारले. मग त्यांनी वही मिटली.

"सर, मी काल जिथं उतरले, तिथल्या काउंटरमागच्या कॅलेंडरच्या पाठीमागं काय आहे, तुम्हाला माहीत आहे का?"

हॉलमध्ये कोणाला काही कळलं नाही. त्यांनी सांगितलं की सकाळी तिथी पाहावी म्हणून त्यांनी कॅलेंडर पाहिलं, तर ते गेल्या सालचं निघालं आणि पान मार्चचं. मागं चालू वर्षाचं असेल म्हणून त्यांनी ते उचललं. मॅनेजर धावत आला आणि त्यानं हात जोडले. बिल घ्यायला तो तयार नव्हता. तुमची सेवा आहे, एवढंच म्हणत राहिला. "त्याचे हात थरथरत होते," त्या म्हणाल्या. "मी कोणाचंच काही केलेलं नाही. मग तो मला का घाबरला, हे मला सकाळपासून कळत नाही."

मला नाही म्हणता आलं असतं. 'मला काही कल्पना नाही, मॅडम,' एवढे शब्द. गाईड माझ्याकडं पाहत होते आणि त्यांची मान अगदी बारीक, दिसेल न दिसेल अशी, आडवी हलत होती. सात वर्षं त्यांनी हलवलेल्या मानेप्रमाणे मी वागत आलो होतो. मला वाटलं आता आपण इथंच पडू, आणि पडलो तर बरं होईल, ॲम्ब्युलन्समध्ये कोणी प्रश्न विचारत नाही. पडलो नाही.

"माहीत आहे," मी म्हणालो. "तिथं खरे भाव आहेत."

मग सगळं सांगितलं. शिक्का, जीप, मंगरूळपीरचा मेसेज, दुपट्टा बांधून दिलेले बाराशे, सगळं. क्रम चुकला, वाक्यं अर्धी राहिली. मानोऱ्याच्या म्हाताऱ्या गृहस्थांचं सांगताना मी डायरीत कंपवात लिहिलं होतं हेही सांगितलं. कोणीतरी हसलं, आणि मग ते हसणं मधेच थांबलं. "मॅडम, आठशे हा आकडा त्यांनी मला घाबरून सांगितला," मी म्हणालो, "आणि मी तो त्यांच्या भीतीसकट छापला."

बाहेर व्हरांड्यात मला अर्धा तास उभं केलं. आत गाईड आणि मॅडम बोलत होते. व्हरांड्यातला एकही माणूस माझ्याजवळ आला नाही. यायचं म्हटलं तरी अभिनंदन करायचं की सांत्वन, हे त्यांना ठरवता येत नसावं. केटररचा माणूस मात्र येऊन विचारून गेला की पुऱ्या तळायला घेऊ का. मी घे म्हणालो. कोणीतरी निर्णय घेणं भाग होतं.

आत बोलावलं. पदवी नाही, पण नामंजूरही नाही. सहा महिने मुदत. पाहणी नव्यानं करायची, तेवीसच्या तेवीस लॉजवर पुन्हा जायचं, पाचवा अध्याय पहिल्या ओळीपासून लिहायचा आणि मग पुन्हा व्हायवा. गाईडनी माझ्याकडं न पाहता कागदावर सही केली. मॅडम निघताना दारात थांबल्या आणि त्यांनी विचारलं, मी कॅलेंडर उचललं नसतं तर?

"तर मी आज डॉक्टर झालो असतो, मॅडम," मी म्हणालो. त्या थोड्या हसल्या, बऱ्याच थकलेल्या दिसल्या आणि म्हणाल्या की लॉजचं बिल त्यांनी पूर्ण दिलं आहे, बोर्ड वाचून.

श्रीखंड-पुरी लोकांनी खाल्ली. चाळीस पानं वाढली होती, तीस उठली. प्रत्येक जण हात धुताना म्हणत होता, होईल होईल, काळजी नको. एका सहकाऱ्यानं कानात सांगितलं की मी गप्प बसायला हवं होतं. बहुतेक सगळ्यांनाच तसं वाटत असावं. त्याच्याकडं सांगायची हिंमत होती एवढंच.

गाडीवरून घरी येताना बायको मागं बसली होती, मांडीवर उरलेल्या पुऱ्यांचा डबा. पोस्ट ऑफिसपाशी मी थांबलो. थांबायचं काही कारण नव्हतं. मी मान न वळवता तिला म्हणालो की डिग्रीचं जाऊ दे. पण आता त्या दारांत पुन्हा कसा उभा राहू? काय म्हणून? इन्स्पेक्टर नाही म्हणालो तर विश्वास बसणार नाही, आणि बसला तर तीन वर्षं मला घाबरून जगलेली माणसं मला चहा तर सोडाच, दारात उभंही करणार नाहीत. मानोऱ्याच्या त्या गृहस्थांसमोर तोंडातून पहिला शब्द काय काढायचा, तेसुद्धा मला सुचत नाही. आणि गेलो तरी मला खरा भाव सांगेल कोण? मी विचारायला लागलो की माणसं खोटं बोलतात, एवढं तर आता सिद्धच झालं आहे.

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. तिनं तो जाऊ दिला. मग डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणाली,

"या बारीले मी येतो संग. बोलनं मी करतो. तुमी नुसतं लिहून घ्या."